एकदाच विचारायचं

चँडलर

नागपूरच्या बाईला संत्र्यानं फसवावं, ही तर कमालच झाली! पण झालं खरं. २००६ च्या जानेवारीअखेर मी मुलाकडे, निखिलकडे, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला बाहेर पडते तर रस्त्याच्या कडेनं संत्र्यांची झाडं, नुसती लगडलेली. खाली सडा पडलाय आणि कुणी ढुंकून बघत नाही. माझा जीव कळवळला. पदरात मावतील तेवढी तोडून घरी आणली, सोलली, एक फोड तोंडात टाकली आणि अग आई ग! त्यापेक्षा कारलं परवडलं. सून केतकी हसून हसून बेजार झाली.

"आई, ती शोभेची आहेत. इथे नवीन आलेला प्रत्येक इंडियन एकदा तरी खातोच."

"मग लावतात कशाला मेली?"

"फुलांसाठी. थांबा तुम्ही, मार्चमध्ये बघा."

वाळवंट म्हणजे वाळू, अशी माझी समजूत होती. तिथं वाळू नाहीच. तांबूस दगडी डोंगर, वर धुतल्यासारखं निळं आभाळ आणि मध्ये दोन मजली उंच निवडुंग, हात वर करून उभे. त्यांना सग्वारो म्हणतात. निखिल म्हणाला, "आई, याला पहिला हात फुटायलाच साठ-सत्तर वर्षं लागतात." म्हणजे माझ्या वयाचं होईतो ते बिचारं नुसतं खांबासारखं उभं! मी त्या झाडाखाली गपगार उभी राहिले. मी गप्प बसले की घरचे घाबरतात. निखिलनं दोनदा विचारलं, "बरं वाटतंय ना?"

शनिवारी एकांकडे मराठी मंडळींचा पॉटलक होता, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ करून न्यायचा. मी सांभारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, केली होती. आता एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी वाढायला उभी राहिले की समोरच्याचं काही खरं नाही. ताटावर आडवा हात धरला तर मी बोटांच्या फटीतून वाढते. गळ्याची शपथ घालते. आमच्या घरात जेवताना "नको" म्हणायची रीत आहे. ते ऐकायची रीत नाही. त्या दिवशीही पुण्याच्या एका सभ्य गृहस्थांना मी इतक्या वड्या खायला लावल्या की ते पट्टा सैल करत सोफ्यावर जाऊन बसले.

हे सगळं कोपऱ्यातून एक मुलगी बघत होती. अनघा तिचं नाव. निखिलच्या मित्राची धाकटी बहीण, जन्म अमेरिकेतच, पेशानं वकील. ती माझ्याजवळ आली.

"मावशी, तुम्ही यवतमाळसाइडच्या का? मघाशी फोनवर बोलत होता, मी ऐकलं."

"माहेर तिकडचं. का ग?"

"मला हेल्प पाहिजे. एक मुलगी आहे. ती तुमच्यासारखंच मराठी बोलते. माझं मराठी तिला कळत नाही, अँड आय डोंट गेट हर्स. फोनवर हिंदी इंटरप्रिटर घेतो, पण तिला हिंदीही नीट येत नाही."

मला वाटलं, असेल कुणाची तरी नवी सून. तसं नव्हतं.

पत्ता नसलेलं घर

आधी माझी रीतसर चौकशी झाली, मग अनघा मला गाडीतून घेऊन निघाली. वाटेत तिनं सगळं सांगितलं. त्या मुलीला मी इथे रत्ना म्हणेन. ते तिचं खरं नाव नाही. यवतमाळकडची, बाप नाही, आई मजुरीला जाते. सोळाव्या वर्षी "अमेरिकेत मुलं सांभाळ, शिक्षण पण होईल" असं सांगून एका जोडप्यानं तिला आणलं. आल्या दिवशी पासपोर्ट काढून घेतला. मग पहाटेपासून स्वयंपाक, मुलं, धुणी-भांडी, शेजाऱ्यांकडची सफाईसुद्धा. बाहेर पाऊल टाकलंस तर पोलीस धरून नेतील, हे रोज सांगायचं. अशी जवळजवळ तीन वर्षं. समोर राहणाऱ्या एका म्हातारीनं पाहिलं की ही पोरगी कडाक्याच्या थंडीत अनवाणी कचऱ्याचा डबा बाहेर आणते आणि कुणी हाय म्हटलं की आत पळते. तिनं फोन केला, म्हणून सुटका झाली.

"कोण लोक होते ते?" मी विचारलं.

अनघा रस्त्याकडे बघतच म्हणाली, "मराठी, मावशी. आपलेच. दुसऱ्या स्टेटमधले."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! घरी आरती करत असतील, मुलांना शुभंकरोती शिकवत असतील, आणि तिकडे स्वयंपाकघरात ही पोर राबत उभी.

अशा सुटून आलेल्या मुलींना ठेवतात ते घर कुठे आहे हे सांगणार नाही, तशी शपथच आहे. साधंच होतं, बैठं, मागे लिंबाची दोन झाडं. चालवणारी बाई डोलोरेस, साठीची, मेक्सिकन वंशाची, ठेंगणी, पांढऱ्या केसांची जाड वेणी. स्वयंपाकघरात ती टॉर्तिया भाजत होती. आमची पोळीच की! फक्त घडी नाही आणि वर तूप नाही. लाटण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी तिला खुणेनंच विचारलं, लाटणं कुठाय? तिनं ते मला देऊन टाकलं. तिथून आमची मैत्री.

आता मी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून केलेली. आमच्याकडे सात वाजता फाटकाला कुलूप, किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. इथे बघते तर प्रत्येक मुलीच्या खोलीची किल्ली त्या मुलीच्याच गळ्यात! डोलोरेससुद्धा दार वाजवायची आणि थांबायची. आतून आवाज आला नाही तर निमूट परत फिरायची. स्वतःच्या घरात! मी तोंडात बोट घालून बघत राहिले. एक मुलगी सोनेरी केसांची, गोरीपान. मला वाटलं ही मदतीला येत असेल. अनघा हळूच म्हणाली, "नो, मावशी. ती पण राहते इथे. पंधरा वर्षांची असताना बॉयफ्रेंड म्हणवणाऱ्या एकानं तिला पुढे विकलं. ती इथलीच आहे, याच गावातली." हे असलं फक्त गरीब देशांत होतं, असं मी समजून चालले होते.

रत्ना आली. किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, नजर जमिनीवर. मी म्हटलं, "काय वं बाई, कोन्या गावची?" तिनं झटकन वर पाहिलं. डोळे भरून आले तिचे आणि माझेही.

"काकू, तुमी आपल्याइकडच्या?"

"हाव ना वं!"

मग काय विचारता! मी पदर खोचला. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमधून आणलंच होतं. झुणका, भाकरी, कांदा, लाल मिरचीचा ठेचा. डोलोरेसनं ठेचा चाखला आणि चमचा घेऊन उभीच राहिली. रत्ना पानावर बसली. मी भाकरी वाढली, ती खाल्ली. अजून एक? "हाव जी." अजून अर्धी, माझ्या गळ्याची शपथ! "हाव जी." झुणका घे की. "हाव जी." मला कोण आनंद! तीन वर्षांची भुकेली लेक माहेरी आली, आणि मी वाढतेय. ती खात राहिली. मग उठली, न्हाणीघरात गेली, आणि आतून ओकाऱ्यांचा आवाज आला. सगळं पडलं.

मी हातात भाकरी घेऊन उभी.

डोलोरेस मला मागच्या अंगणात घेऊन गेली. अनघा आमच्या मध्ये बसली.

"शोभा, या घरात एकदाच विचारायचं," डोलोरेस म्हणाली. "हवं का? एकदा. ती नाही म्हणाली तर नाही. गप्प बसली तरी नाही."

मी चिडले. सरळ सांगते, मी चिडले. "आमच्यात नको म्हणजे हो असतं, बाई! पहिल्यांदा विचारून कुणी घेतं का? तसं थांबले तर माणसं उपाशी उठतील."

डोलोरेस शांतपणे म्हणाली, "ती तुला हो म्हणते. मला हो म्हणते. अनघाला हो म्हणते. तिच्या मामालाही हो म्हणते."

मग अनघानं ती गोष्ट सांगितली. रत्ना दर रविवारी गावी फोन करायची, नंबर दिसणार नाही अशा व्यवस्थेनं. आता फोन मामा घेतो. त्या जोडप्याची माणसं त्याच्याकडे जाऊन आलीत. मामा म्हणतो, केस मागे घे, सांग की मी खुशीनं काम करत होते, आणि परत ये, तुझं लग्न ठरवलंय. रत्ना म्हणते, हाव मामा. मग अनघा विचारते, तुला इथे राहायचंय? अशा मुलींसाठी इथे वेगळा व्हिसा आहे, शिकता येईल, आईलाही पुढे आणता येईल. रत्ना म्हणते, हाव जी.

"मी काय लिहू, मावशी? दोन्ही हो आहेत. पुढच्या महिन्यात सरकारी वकील तिलाच विचारणार, तुला काय पाहिजे? त्याच्या आधीच्या रविवारी मामानं जोर केला तर ती परत जाईल. आणि कुठे पाठवतील तिला, देव जाणे."

"हो म्हणणारी खूप भेटतात," डोलोरेस म्हणाली. "जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या हो वर मी घर कसं बांधू?"

आत रत्ना माझी भांडी घासत होती, कुणी न सांगता.

शाळेत

डोलोरेस आठवड्यातून एकदा शाळांमधून मुलांशी बोलायला जायची. हे असे लोक मुलांना कसे गाठतात, आधी किती गोड बोलतात, किती भेटी देतात, हे ती न घाबरवता सांगे. मला म्हणाली, चल. मोठी शाळा, मुलं केवढाली उंच, बाकावर पाय पसरून बसलेली. कुणी उठून उभं राहिलं नाही. माझ्यातली रेक्टर आतल्या आत फणफणली.

मग डोलोरेसनं जोड्या केल्या. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. कारण द्यायचं नाही, हसायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. माझ्या वाट्याला दातांना तार लावलेली एक मुलगी आली. हातात चॉकलेट.

"घ्या ना."

"नको."

"प्लीज. मी खास तुमच्यासाठी आणलंय."

"नको ग बाई."

तिनं तोंड असं काही पाडलं की काय सांगू. "तुम्हाला मी आवडत नाही का?"

आणि मी घेतलं! वर्गभर हशा. म्हातारपणी मी नापास. पण गंमत म्हणजे, नंतर तीच पोरगी दुसऱ्या बाजूला बसली तेव्हा तिनं मला असं स्वच्छ "नो" म्हटलं, सरळ डोळ्यांत बघून, की मी हात जोडले. ना राग, ना उर्मटपणा. नुसतं नाही. मला आयुष्यभर कुणी शिकवलं नव्हतं ते. उलट मीच इतक्या मुलींना शिकवलं होतं की शहाण्या मुली नाही म्हणत नाहीत.

कॅन्यन

निखिलनं रजा काढून ग्रँड कॅन्यनला नेलं. त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी काय नवं सांगणार? पार्किंगपासून चालत गेलो, झाडं संपली आणि पुढे जमीनच नाही. बाप्पा! मी कठडा घट्ट धरला. खाली थर, त्याखाली थर, तांबडे, पिवळे, जांभळे, आणि तळाशी बारीकशी नदी. निखिल म्हणाला, "हे सगळं त्या नदीनं कापलंय, आई. हळूहळू." केतकी फोटो काढत होती. मी डोळे पुसत होते. का ते विचारू नका, एवढं मोठं काही बघितलं की मला रडू येतं. थंडी अशी होती की थर्मासमधला चहा ओतेपर्यंत निवला, आणि मी मोज्यांवर चपला घातलेल्या बघून एका जपानी बाईनं माझा फोटो घेतला.

परतताना गाडीत मी केतकीला म्हटलं, "घरी गेल्यावर तू मला वाढ. मी नको म्हटलं की थांब."

"आई, बरं वाटत नाहीये का?" तिनं विचारलं.

सराव

त्यानंतर मी एक दिवसाआड त्या घरी जाऊ लागले. दुभाषी म्हणूनही मी आधी चुकलेच. डोलोरेस विचारायची, "तुला कुठे राहायचंय?" आणि मी मराठीत सांगायचे, "अग, इथंच राहायचंय ना तुला? चांगलं आहे की नाही इथं? सांग बरं त्यांना." डोलोरेसनं हात वर केला. "माझा प्रश्न छोटा होता, शोभा." भाषा न कळता तिनं पकडलं! मी जीभ चावली. आग्रह माझ्या जिभेतच मुरलेला.

पंगतीत तर माझे हाल विचारू नका. "वाढू?" एवढं म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. रत्ना घाबरून माझ्या तोंडाकडे बघायची, बरोबर उत्तर कोणतं ते शोधत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. ती गप्प राहिली तर पातेलं घेऊन पुढे जायचं. पहिल्या दिवशी ती अर्धपोटी उठली. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या खेपेला ती पुटपुटली, "जराशी." बाप रे, किती गोड वाटला तो शब्द! मग एकदा म्हणाली, "भाकर द्या, भात नको," आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकली. कुणी रागावलं नाही. सोनेरी केसांच्या मुलीनं मुकाट्यानं भाताचं भांडं आपल्याकडे ओढलं.

मार्च लागला. संत्र्यांना फुलं आली. केतकी खोटं बोलली नव्हती. संध्याकाळी गाडीची काच खाली केली की सगळा गाव वासानं भरलेला. रत्ना अंगणात बसून कढीपत्त्याची रोपं लावायची. ते काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि भांडी घासायचंही तिनं एक दिवस सोडून दिलं. डोलोरेसनं मला ती न घासलेली थाळी बोटानं दाखवली. आम्ही दोघी म्हाताऱ्या सिंकपाशी उभ्या राहून हसत होतो.

रविवार

माझं परतीचं विमान मंगळवारचं. बुधवारी रत्नाला सरकारी वकिलासमोर जायचं होतं. रविवारी संध्याकाळी मी सगळ्यांसाठी पुरणपोळ्या केल्या, आमच्या पद्धतीच्या, तळहाताएवढ्या, जाड आणि तुपात बुडवलेल्या. इथे लोक सहा वाजता जेवतात. सातला रत्नाचा फोन, तेव्हा गावी सकाळ असते. तिचा चेहरा दुपारपासून उतरलेला होता. अनघाही आली होती, पण कुणी त्या फोनबद्दल बोलत नव्हतं.

रत्नानं एक पोळी खाल्ली. "वाढू?" "द्या." दुसरी खाल्ली. आणि मग, काय सांगू, माझा ताबा सुटला. मी परवा जाणार. ही पोर पुन्हा दिसेल न दिसेल. मी तिसरी पोळी उचलली, तुपाची धार धरली आणि म्हटलं, "घे वं बाई, एकच. मी चालली आता. माझ्यासाठी घे."

डोलोरेसनं माझ्याकडे पाहिलं. अनघानं डोळे मिटले.

रत्नाचा हात ताटावर आला. आडवा, बोटं जुळवलेली, कुठे फट नाही.

"नको, काकू."

मी तशीच उभी. तूप तिच्या बोटांवर ठिबकलं. तिनं हात काढला नाही. माझ्याकडे बघत राहिली, घाबरलेली होती, पण बघत राहिली.

"पोट भरलं माहं. नको म्हटलं ना."

मी पोळी परत डब्यात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. डोलोरेसला मराठीतलं अक्षर कळत नाही, पण तिनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला, चांगला जोरात.

रत्ना उठली, हात धुतले, आणि कुणी बोलवायच्या आधी स्वतःच फोनकडे गेली. मामाचा आवाज इतका चढा की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. काय ठरलं? बुधवारी काय सांगशील? लोक चांगले होते ना वं, जेवू घालत होते ना? आता हाव म्हण. रत्नानं भिंतीला एक हात टेकवला.

"नाई, मामा."

तिकडून काहीतरी मोठ्यानं आलं. मग समजावणी. मग आईच्या नावानं गळ. मग पुन्हा ओरडा. मी पदराचं टोक चावत बसले होते. माझ्या तोंडात उत्तरं अगदी तयार होती, पण हे काम माझं नव्हतं.

"नाई. मी खुशीनं नाई राहिली तिथं. मी तसं सांगणार नाई. मले इथं राहाचं हाय." मग थांबून, "ओरडू नका, मामा. मायले फोन द्या."

तिकडे फोन हातातून हातात गेल्याची खडखड झाली. मग तिचा चेहरा बदलला.

"माय? हाव, जेवली. पुरनपोळी. दोन." ती माझ्याकडे बघून चक्क हसली. "तिसरी नको म्हटलं म्या."

अनघा मागच्या अंगणात निघून गेली, रडायला. मी मात्र तिथंच बसून ती तिसरी पोळी खाल्ली. कॅन्यनच्या कठड्यावर जसं झालं होतं तसं मला झालं होतं, फक्त इथे धरायला कठडा नव्हता.

नागपूर

घरी आल्यापासून मी पंगतीत एकदाच विचारते. धाकटी जाऊ सगळ्यांना सांगत सुटलीय की वहिनी अमेरिकेहून कंजूष होऊन आल्या. परवा एक भाचा खरंच अर्धपोटी उठला. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी पहिल्यांदाच हो म्हण.

अनघाचा फोन येतो. रत्नानं त्या बुधवारी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. व्हिसा मिळाला. आता ती एका बेकरीत सकाळी काम करते, संध्याकाळी इंग्लिश शिकते. ज्या खोलीची किल्ली गळ्यात होती ती तिनं डोलोरेसला परत केली, कारण आता तिची स्वतःची खोली आहे.

हे लिहायला बसण्याआधी मी तिला फोन केला. म्हटलं, "तुझ्याबद्दल लिहू का?" आणि गप्प राहिले. घड्याळाकडे बघत. आंतरराष्ट्रीय फोनवर गप्प राहणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

"लिहा की, काकू," ती म्हणाली. "सगळं लिहा. पण माहं नाव नको."

मी बरं म्हटलं. पुन्हा विचारलं नाही.